पासवर्ड बरोबर, तरी ॲडमिन फिरून लॉगिनच्याच पानावर. लग्नसराईच्या ऑर्डरी अडकल्यात, मदत करा

धोटेवाला · सोमवार, सकाळी ९:५२

नमस्कार मंडळी. सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत एक टॉवेलचा कारखाना आहे. त्यांची ऑर्डर घेण्याची साइट मी आणि एका मित्रानं चार वर्षांपूर्वी केली. साधं पीएचपी, मायएसक्यूएल, एनजिनएक्स, उबुंटूचा भाड्याचा सर्व्हर. फ्रेमवर्क वगैरे नाही. मित्र नोकरीला पुण्याला गेला आणि साइट माझ्या गळ्यात राहिली. बाहेरगावचे व्यापारी ग्राहक कोड टाकून फॉर्म भरतात, किती डझन, कोणता रंग ते लिहितात. ॲडमिनमधून ऑर्डर मंजूर झाली की चलन छापतं आणि गठ्ठा ट्रान्सपोर्टला जातो.

शनिवारी संध्याकाळपासून ॲडमिनमध्ये शिरताच येईना. युजरनेम-पासवर्ड टाकतो, पान क्षणभर पांढरं होतं आणि पुन्हा लॉगिन. लाल अक्षर नाही, एरर नाही. फायरफॉक्स, क्रोम, इन्कॉग्निटो, मोबाइल, सगळीकडे हेच. व्यापाऱ्यांचा फॉर्म मात्र मस्त चालू आहे, म्हणजे ऑर्डरी येतच आहेत आणि आम्हाला दिसत नाहीत!

गंमत म्हणजे डिस्पॅचच्या काकांच्या कॉम्प्युटरवर ॲडमिन व्यवस्थित चालतं. बाकी कुणाच्याच नाही.

मे महिना आहे. टॉवेल-टोपीच्या आहेराचा सगळा माल याच पंधरा दिवसांत जातो. मालक दर तासाला फोन करतात.

---

शेंगाचटणी · सकाळी १०:०५

कॅप्स लॉक बघितलास का बे? :)

मस्करी सोड. डेटाबेसमध्ये जाऊन पासवर्ड नवा टाक. एमडी५ हॅश (पासवर्डचं न ओळखता येणारं रूप) करून कॉलममध्ये पेस्ट केलं की झालं.

---

धोटेवाला · सकाळी १०:११

एमडी५ नाही हो, आमच्याकडे पीएचपीचं पासवर्ड_हॅश वापरलंय. त्यानंच नवा हॅश करून टाकला. फरक शून्य.

---

विजापूर_वेस · सकाळी १०:२०

एक काम करा. मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाका आणि काय होतं ते सांगा.

---

धोटेवाला · सकाळी १०:२४

चुकीचा टाकला की लगेच 'पासवर्ड चुकीचा आहे' असं येतं. बरोबर टाकला की काहीच येत नाही, गुपचूप परत लॉगिन.

---

विजापूर_वेस · सकाळी १०:३१

मग पासवर्डचा नाद सोडा, तो बरोबर आहे आणि तुमच्या कोडलाही ते कळतंय.

कारखान्याच्या गेटवर कसं असतं, वॉचमन तुमचं ओळखपत्र बघतो, ठीक आहे म्हणतो, रजिस्टरला नोंद करतो आणि तुम्ही आत जाता. आतला माणूस तेच रजिस्टर बघून तुम्हाला उभं करतो. तुमच्याकडे ओळखपत्र पास होतंय, पण रजिस्टरला नोंदच होत नाहीये, किंवा आतल्या माणसाला ती दिसत नाहीये. म्हणून तो तुम्हाला परत गेटवर पाठवतो.

एनजिनएक्सचा ॲक्सेस लॉग बघा. बरोबर पासवर्डनं एकदा लॉगिन करा आणि त्या क्षणाच्या ओळी इथे टाका.

---

धोटेवाला · सकाळी १०:४७

तीन ओळी दिसतात, एकाच सेकंदात:

लॉगिन पानाला पोस्ट, उत्तर ३०२ (म्हणजे दुसऱ्या पानावर जा)
डॅशबोर्डला गेट, उत्तर ३०२
लॉगिन पानाला गेट, उत्तर २०० (म्हणजे पान दिलं)

सोबत कॉन्फिगची फाइल पण टाकतो, कुणाला काही दिसलं तर.

[मजकूर संपादकांनी काढला]

---

गड्डा६८ · सकाळी १०:४९

अहो धोटेवाले! त्यात डेटाबेसचा पासवर्ड आहे!! काढा आधी!

---

संपादक मंडळ · सकाळी १०:५३

काढला आहे. पण चार मिनिटं तो सगळ्या जगाला दिसत होता. बदलून टाका, आत्ताच.

---

धोटेवाला · सकाळी ११:१०

बदलला. माफ करा, डोकं चालेना. सकाळपासून चहासुद्धा नाही.

---

पुण्यात_अडकलेला · सकाळी ११:१८

मागे माझ्यासोबत सेम झालेलं. कुकी बघ, म्हणजे ब्राउझर विनंतीसोबत पाठवतो ती ओळखचिठ्ठी. एसएसएल (एचटीटीपीएस) नुकतं टाकलंय का? कुकीला 'सिक्युअर' लावलंय आणि डॅशबोर्डची लिंक साध्या एचटीटीपीवर जातेय असं झालं की ब्राउझर कुकी पाठवतच नाही, आणि अगदी हेच दिसतं. दुसरं, लॉगिन डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवर आणि डॅशबोर्ड त्याच्याशिवाय, असं असलं तरी तेच. एफ१२ दाबून नेटवर्कमध्ये बघ, डॅशबोर्डच्या विनंतीसोबत पीएचपीसेशआयडी नावाची कुकी जातेय का.

---

धोटेवाला · सकाळी ११:४०

एसएसएल दोन वर्षांपासून आहे, शनिवारी कुणीच काही बदललेलं नाही. एफ१२ मध्ये बघितलं: पत्ता दोन्हीकडे एकच, कुकी येते, डॅशबोर्डला जातानाही सोबत जाते.

---

शेंगाचटणी · सकाळी ११:४६

काकांच्याच कॉम्प्युटरवर चालतंय म्हणजे आयपीचा घोळ असणार. सर्व्हरवर तोच आयपी परवानगीत असेल.

---

धोटेवाला · सकाळी ११:५१

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसलोय, त्याच वायफायवर. माझं चालत नाही.

---

शेंगाचटणी · सकाळी ११:५५

मग तात्पुरतं डॅशबोर्डच्या सुरुवातीची ती लॉगिन तपासणारी ओळ कॉमेंट करून टाक ना. काम तरी होईल.

---

विजापूर_वेस · दुपारी १२:०१

शेंगाचटणी, हा सल्ला कुणी ऐकायचा नाही. ॲडमिन उघड्यावर येईल आणि व्यापाऱ्यांचे फोन नंबर, दर, सगळं गूगलला सापडेल. 'तात्पुरतं' काढलेली ओळ परत कोण घालतं?

---

कन्सोलकाका · दुपारी १२:१५

आत्ताच धागा वाचला. दोन गोष्टी.

एक, डिस्पॅचच्या काकांना सांगा की लॉगआउट करायचं नाही आणि क्रोमही बंद करायचा नाही. त्यांचं सेशन, म्हणजे लॉगिन झाल्याची सर्व्हरवरची नोंद, शनिवारच्या आधीचं असणार. जुनी नोंद वाचली जातेय, नवी होत नाहीये, असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर तुमच्या हातात सध्या तेवढीच एक किल्ली आहे. पेंडिंग ऑर्डरी त्यांच्याच स्क्रीनवरून मंजूर करून घ्या.

दोन, सेशन कुठे ठेवता? फाइलमध्ये की डेटाबेसमध्ये? फाइलमध्ये असेल तर त्या डिस्कवर जागा किती आहे ते बघा.

---

धोटेवाला · दुपारी १२:३८

काका, अंदाज पक्का. ते गुरुवारी लॉगिन झालेत आणि तेव्हापासून क्रोम बंदच केलेला नाही. त्यांच्या मॉनिटरला मी 'बंद करू नये' असा कागद चिकटवलाय. त्यांनी वर स्वतःच्या हातानं 'कृपया' लिहिलं.

सेशन फाइलमध्येच आहेत. मित्रानं कोडमध्येच त्यांचा वेगळा फोल्डर ठरवून दिलाय, प्रोजेक्टच्या आत. जागेचं म्हणाल तर डीएफ -एच मारून बघितलं, २५ जीबीतली ४१ टक्केच भरली आहे. चौदा-पंधरा जीबी मोकळी, म्हणजे ते नाही.

आणि हा सर्व्हर पण आज अंगावर येतोय. फोल्डरचं नाव अर्धं टाइप करून टॅब दाबलं की पुढचं नाव येतच नाही, 'कॅनॉट क्रिएट टेम्प फाइल फॉर हियर-डॉक्युमेंट' असलं काहीतरी बडबडतो. सगळं पूर्ण टाइप करावं लागतंय.

---

धोटेवाला · दुपारी १:०५

लाईट गेली. यूपीएस दहा मिनिटं टिकला. काकांचा कॉम्प्युटर बंद झाला. लाईट आल्यावर त्यांनाही लॉगिनचंच पान.

सतरा ऑर्डरी तेवढ्यात मंजूर झाल्या होत्या. बावीस राहिल्या.

---

गड्डा६८ · दुपारी १:०९

अरेरे. ४३ डिग्रीत लाईट जाणारच म्हणा.

---

कन्सोलकाका · दुपारी १:२०

धोटेवाले, तुम्ही जाता जाता जे टॅबचं लिहिलंत ना, तिथेच सगळं आहे. त्या ओळीत पुढे 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' होतं की नाही?

टॅबनं नाव पुरं करताना शेल कधीकधी एक छोटी तात्पुरती फाइल करतं. ती होत नाहीये. नवी सेशन फाइलही होत नाहीये. म्हणजे त्या डिस्कवर नवी फाइल जन्मालाच येत नाहीये, मग जीबी कितीही मोकळे असोत.

डीएफ -एच नको, डीएफ -आय मारा. आय म्हणजे आयनोड.

---

धोटेवाला · दुपारी १:२६

होतं. मी ओळ पूर्ण वाचलीच नव्हती.

डीएफ -आय:
एकूण सोळा लाखांच्या वर, वापरलेले तेवढेच, शिल्लक ०, वापर १०० टक्के.

हे काय असतं??

---

कन्सोलकाका · दुपारी १:४४

विजापूर वेसवाल्यांचं रजिस्टरच पुढे नेतो. गोदाम अर्धं रिकामं आहे, पण आवक रजिस्टरची पानं संपली आहेत. पानावर नोंद झाल्याशिवाय माल आत घ्यायचा नाही असा नियम, म्हणून रिकाम्या गोदामाबाहेर ट्रक उभा.

प्रत्येक फाइलला, मग ती शून्य बाइटची का असेना, एक आयनोड लागतो. ईएक्सटी४ फाइल सिस्टिम तयार होतानाच आयनोड किती ते ठरतं, मागाहून त्याच डिस्कवर वाढवता येत नाही. नेहमीच्या सेटिंगला दर १६ केबीमागे एक. तुमच्या २५ जीबीला ते सोळा लाखांच्या आसपासच बसतं, गणित करून बघा.

काकांचं का चालत होतं तेही यात आलं. त्यांची फाइल आधीच होती, तिच्यावर लिहायला नवं पान लागत नाही. व्यापाऱ्यांच्या फॉर्मला सेशनच नाही, आणि डेटाबेसच्या फाइली जुन्याच आहेत, त्या आत वाढतात.

आता सेशनच्या फोल्डरमध्ये किती फाइली आहेत ते मोजा. साधं एलएस मारू नका, सगळी नावं गोळा करून क्रमानं लावत बसेल आणि तुम्हाला वाटेल सर्व्हर मेला. एलएस -एफ (छोटा एफ) मारून ओळी मोजणाऱ्या डब्ल्यूसी -एलला द्या, ते क्रम लावत नाही.

---

धोटेवाला · दुपारी १:५८

पंधरा लाख बारा हजार.

पंधरा लाख! आमच्याकडे ॲडमिन वापरणारी माणसं पाच आहेत. मालक, त्यांचा मुलगा, अकाउंटवाल्या ताई, डिस्पॅचचे काका आणि मी.

---

पुण्यात_अडकलेला · दुपारी २:०३

बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम. लॉगिनच्या पानावर रात्रंदिवस टकटक करणारे. ते कुकी सांभाळत नाहीत, त्यामुळे प्रत्येक वेळी नवा पाहुणा आणि नवी फाइल. चार वर्षांत पंधरा लाख म्हणजे दिवसाला हजारेक, फार नाहीच.

---

धोटेवाला · दुपारी २:२०

फाइली पुसायला आरएम आणि तारा मारला तर 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग'. नवीन फोल्डर करायला गेलो तर तोही होईना, 'नो स्पेस'. हात बांधून मारलालेत.

---

कन्सोलकाका · दुपारी २:३४

फोल्डरलाही आयनोड लागतोच, म्हणून तो होणार नाही. आणि ताऱ्याच्या जागी शेल पंधरा लाख नावं एका ओळीत ओतायला बघतं. एका कमांडला किती मजकूर द्यायचा याला मर्यादा असते, म्हणून आरएम सुरूच होत नाही.

क्रमानं करा, आणि आधी सर्व्हरचा स्नॅपशॉट घ्या. भाड्यानं देणाऱ्याच्या पॅनेलमध्ये तशी सोय बहुतेक असते.

आधी जुन्या लॉगच्या दाबून ठेवलेल्या, शेवटी जीझेड असलेल्या आठ-दहा फाइली उडवा. तेवढे आयनोड मोकळे झाले की नवा सेशन फोल्डर होईल. मग जुन्याचं नाव बदलून 'जुना' करा आणि नव्याला मूळ नाव द्या. नाव बदलायला आयनोड लागत नाही. एवढ्यानं लॉगिन सुरू व्हायला हवं. मग जुन्यातला कचरा निवांत काढा, फाइंड घेऊन टाइप एफ आणि शेवटी डिलीट. फाइंडची जागा तीनदा वाचून मग एंटर. तिथे चुकून नुसता स्लॅश पडला तर आपण पुढच्या धाग्यात भेटू.

जुना फोल्डर रिकामा झाला की तोही काढून टाका. त्यात एवढी नावं साठलेली असतात की फाइली गेल्या तरी फोल्डर आतून फुगलेलाच राहतो.

---

जुळे_सोलापूरकर · दुपारी २:४१

वाचतोय. कुणीतरी आता ७७७ परमिशन (कुणालाही सगळं करू देणारी) सांगेल म्हणून थांबलो होतो.

---

शेंगाचटणी · दुपारी २:४३

मी काही बोललो का?

---

धोटेवाला · दुपारी ३:०६

स्नॅपशॉट घेतला, लॉग उडवले, फोल्डर केला, नावं बदलली.

लॉगिन पुन्हा तसंच!! पांढरं पान आणि परत.

---

विजापूर_वेस · दुपारी ३:०९

या वेळी ॲक्सेस लॉग नको, एरर लॉग बघा. आणि नवा फोल्डर कुणाच्या नावावर आहे?

---

धोटेवाला · दुपारी ३:१५

सकाळपासून मी हा एरर लॉग उघडलाच नव्हता, लाज वाटते. शनिवारी संध्याकाळी सहा-पस्तीसपासून तिथे 'सेशन_स्टार्ट… नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस (२८)' च्या ओळीच ओळी आहेत. स्क्रीनवर एरर दाखवणं आम्हीच बंद ठेवलंय, म्हणून समोर काही दिसत नव्हतं.

आणि आता शेवटच्या ओळींत २८ नाही, 'परमिशन डिनाइड (१३)'. फोल्डर मी रूटनं (सर्व्हरच्या मुख्य युजरनं) केला, तो रूटच्याच नावावर राहिला. चाऊन (मालक बदलायची कमांड) मारून पीएचपी ज्या युजरनं चालतं त्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या नावावर केला, परमिशन ७००, म्हणजे फक्त मालकाला.

लॉगिन झालं!!!

---

गड्डा६८ · दुपारी ३:१६

हर्र बोला हर्र!

---

धोटेवाला · दुपारी ३:५०

बावीसच्या बावीस ऑर्डरी मंजूर. मालकांनी कडक भाकरी, शेंगाची भाजी आणि ताक मागवलंय. फाइंड तिकडे चालू आहे. डीएफ -आय दर मिनिटाला मारून बघतोय, आकडा उतरताना बघायला मजा येते.

पण हे परत होणारच ना? आणि पीएचपी जुनी सेशन आपोआप काढतं असं मी वाचलं होतं, मग चार वर्षं काय करत होतं?

---

कन्सोलकाका · दुपारी ४:२५

चांगला प्रश्न आहे, यात बरेच जण फसतात.

मूळ पीएचपीत झाडलोट आतूनच होते. सेशन सुरू करणाऱ्या साधारण दर शंभर विनंत्यांमागे एकदा ते जुन्या फाइली शोधून काढतं. जुनी म्हणजे १४४० सेकंद, २४ मिनिटं हात न लागलेली. पण डेबियन आणि उबुंटूच्या पॅकेजमध्ये ही शक्यता शून्यावर ठेवलेली असते. तिथे सेशनचा फोल्डर कुलूपबंद असतो, पीएचपीला त्यातली यादीच वाचता येत नाही. म्हणून साफसफाई बाहेरून, वेगळ्या स्क्रिप्टनं होते, दर अर्ध्या तासाला.

ती स्क्रिप्ट फोल्डरचा पत्ता पीएचपीच्या सेटिंगच्या फाइलमधून, पीएचपी डॉट आयएनआयमधून वाचते. तुमच्या मित्रानं पत्ता कोडमध्ये दिला. पीएचपीला वाटतं झाडायचं काम स्क्रिप्टचं, आणि स्क्रिप्टला हा फोल्डर असल्याचाच पत्ता नाही.

सोपा उपाय म्हणजे कोडमधली ती ओळ काढा आणि सेशन नेहमीच्या जागी जाऊ द्या. वेगळाच फोल्डर हवा असेल तर स्वतःची क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) ओळ लिहा, एक दिवसापेक्षा जुनी फाइल काढणारी.

आणि बॉटांचं बघा. लॉगिनचं पान नुसतं उघडल्यावर सेशन सुरू करायची तुम्हाला गरज नाही, पासवर्ड जुळल्यावर करा.

---

विजापूर_वेस · दुपारी ४:३८

शेवटच्या वाक्याला माझी हरकत आहे. लॉगिन फॉर्मला सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच पानावरून आलाय हे पटवणारी गुप्त खूण) लावायचं तर पान उघडतानाच सेशन लागतं, आणि यांच्या फॉर्मला ते नाही हे उघड आहे. असतं तर पोस्ट टोकनलाच अडकली असती, 'पासवर्ड चुकीचा' इथपर्यंत गेलीच नसती. टोकन आधी घाला आणि सेशन राहू द्या. एनजिनएक्सला लॉगिनच्या पत्त्यावर मिनिटाला पाच-दहा विनंत्यांची मर्यादा घातली की एकाच आयपीवरून होणारी टकटक बरीच कमी होते.

---

कन्सोलकाका · दुपारी ४:४४

मान्य. टोकनचं माझ्या लक्षातच आलं नाही.

---

ग्रंथपाल_बार्शी · संध्याकाळी ५:१०

माझंही असंच आहे. वाचनालयाची वर्डप्रेस साइट, एसएसएल टाकल्यापासून ॲडमिन उघडायला गेलं की ब्राउझर म्हणतो फार वेळा रीडायरेक्ट झालं. डीएफ -आय तर ९ टक्केच दाखवतोय.

---

विजापूर_वेस · संध्याकाळी ५:१९

ताई, तुमचं दुखणं वेगळं आहे. ऑप्शन्स टेबलमध्ये 'साइटयूआरएल' आणि 'होम' अशा दोन नोंदी असतात, त्या दोन्ही एचटीटीपीएसनं सुरू होतात का ते बघा. मध्ये एखादं सीडीएन (साइटच्या पुढे बसून पानं पोचवणारी सेवा) असेल तर तिथून तुमच्या सर्व्हरपर्यंतचा रस्ता साधा एचटीटीपीचा ठेवलाय का तेही तपासा. सर्व्हर म्हणतो एचटीटीपीएसनं या, सीडीएन पुन्हा साध्यानंच येतं, आणि हे चालूच राहतं. तरी सुटलं नाही तर प्लगिनच्या फोल्डरचं नाव बदलून बघा, सगळे प्लगिन एकदम बंद होतात. पुढचं नव्या धाग्यात विचारा, इथे गर्दी होईल.

---

धोटेवाला · मंगळवार, सकाळी १०:३०

फाइंड काल रात्री जेवायच्या आधीच संपलं होतं. डीएफ -आय आता ७ टक्के. कोडमधली ती फोल्डरची ओळ काढली, एनजिनएक्सला मर्यादा घातली. टोकन आज संध्याकाळी घालतो, दुपारी जमणार नाही, आमच्याकडे नळाचा दिवस आहे. रोज सकाळी आयनोड ८० टक्क्यांच्या वर गेले तर मला मेल येईल अशी छोटी स्क्रिप्टही लावली.

पुण्याच्या मित्राला फोन केला होता. म्हणाला, तो फोल्डर मी टेस्टिंगपुरता केला होता की रे, तू अजून तोच वापरलालास का?

---

शेंगाचटणी · सकाळी १०:३४

तात्पुरतंच होतं म्हणजे.

---

धोटेवाला · सकाळी १०:४१

हो ना.

डिस्पॅचचे काका विचारतात, आता लॉगआउट केलं तर चालतं का. चालतं म्हणालो. तरी त्यांनी केलं नाही. कागदही काढू देत नाहीत.